जीवनसत्त्वं मोजणारे मॉडिफाइड इलेक्ट्रोड : बफरमधला आकडा आणि खऱ्या नमुन्यातला आकडा

क्षारपर्णी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी रसायनशास्त्र शिकवते आणि विद्यार्थ्यांबरोबर जीवनसत्त्वांच्या विद्युत्-रासायनिक मापनावर काम करते. ग्राफीन, कार्बन नॅनोट्यूब, सोन्याचे नॅनोकण, तऱ्हेतऱ्हेचे पॉलिमर लावून बदललेले, म्हणजे ‘मॉडिफाइड’, नवे इलेक्ट्रोड सतत छापून येतात आणि जवळजवळ प्रत्येक लेखाचा दावा एकच असतो: आमची शोधमर्यादा, म्हणजे ओळखता येणारं सर्वांत कमी प्रमाण, आधीच्यांपेक्षा खाली आहे. माझं म्हणणं असं, की बफरमधल्या, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या स्वच्छ द्रावणातल्या, या आकड्यावरून इलेक्ट्रोडची लायकी ठरत नाही. ती ठरते खऱ्या नमुन्यात. आवळ्याच्या रसात, दुधात, रक्तात, रेशनच्या तांदळात. त्यावर इथे बोलावं म्हणून हा धागा.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. बीकरमध्ये तीन इलेक्ट्रोड असतात: ज्यावर क्रिया होते तो वर्किंग, ज्याच्या तुलनेत विभव (व्होल्टेज) मोजायचा तो सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा रेफरन्स, आणि मंडल पूर्ण करायला प्लॅटिनमची तार. पोटेन्शियोस्टॅट व्होल्टेज हळूहळू वाढवत नेतो. ठराविक विभवाला जीवनसत्त्वाचा रेणू इलेक्ट्रॉन सोडतो किंवा घेतो, प्रवाह चढतो आणि आलेखावर पीक, म्हणजे शिखर, दिसतं. रेणू जितके जास्त तितकं पीक उंच. क जीवनसत्त्व, म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन सोडून डीहायड्रोअ‍ॅस्कॉर्बिक आम्ल होतं. ते लगोलग पाण्याशी जोडलं जातं आणि मग इलेक्ट्रोडला दाद देत नाही. म्हणून सायक्लिक व्होल्टॅमेट्रीत (व्होल्टेज वाढवत नेऊन परत आणण्याच्या पद्धतीत) जाताना पीक मिळतं, परतताना मिळत नाही.

या सगळ्याची सुरुवात प्रागमध्ये झाली. यारोस्लाव्ह हेरोव्स्की यांनी १९२२ साली पाऱ्याच्या थेंबाचा इलेक्ट्रोड वापरणारी पोलॅरोग्राफी उभी केली, त्यासाठी त्यांना १९५९ चं नोबेल मिळालं. पण धन विभवाच्या बाजूला फार पुढे गेलं की पारा स्वतःच ऑक्सिडाइझ होतो, आणि फोलिक आम्ल किंवा ब६ ज्या विभवाला इलेक्ट्रॉन सोडतात तिथे तो पोचतच नाही. ती वाट कार्बनने मोकळी केली. राल्फ अ‍ॅडम्स यांनी १९५८ मध्ये ग्राफाइटची पूड तेलात मळून कार्बन पेस्ट इलेक्ट्रोड केला. पुढे १९७५ मध्ये रॉइस मरे यांच्या गटाने इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर रेणू रासायनिक बंधाने बसवून दाखवले आणि ‘मॉडिफाइड इलेक्ट्रोड’ हे स्वतंत्र क्षेत्र झालं.

मॉडिफाय करावंच का लागतं, ते पाहायचं असेल तर ३ मिलिमीटर व्यासाचा साधा ग्लासी कार्बनचा (काचेसारख्या घट्ट कार्बनचा) इलेक्ट्रोड घ्या. मखमली पॅडवर ०.०५ मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिनाचा पातळ लगदा घालून इंग्रजी आठाच्या आकारात फिरवत घासा. कार्बनचा काळा गोल आरशासारखा चकाकला पाहिजे, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यात सरळ दिसलं पाहिजे. धुवा, अ‍ॅल्युमिनाचे कण निघून जावेत म्हणून सॉनिकेटरमध्ये धरा. मग पोटॅशियम फेरीसायनाइडमध्ये तपासा. दोन पीकमधलं अंतर सिद्धांताप्रमाणे ५९ मिलिव्होल्ट हवं. ७०-८० आलं तर चालेल, १२० आलं तर पुन्हा घासा. आता पीएच ७ च्या फॉस्फेट बफरमध्ये अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल टाका. पीक पसरट येतं, ०.२ ते ०.४ व्होल्टमध्ये कुठेही. तुम्ही कसं घासलं त्यावर त्याची जागा हलते. दुसऱ्या स्कॅनला उंची उतरते, कारण पृष्ठभाग मळतो. युरिक आम्ल आणि डोपामिन त्याच टापूत पीक देतात, तिघांचा मिळून एकच डोंगर होतो. पृष्ठभागावर योग्य थर बसवला की क चं पीक शून्य व्होल्टकडे सरकतं, बाकीची आपापल्या जागी राहतात आणि तीन पीक सुटी दिसतात. हा फायदा खरा आहे, त्याबद्दल वाद नाही.

माझा आक्षेप पुढे आहे. निरोगी माणसाच्या प्लाझ्मात क जीवनसत्त्व साधारण ५० मायक्रोमोल प्रति लिटर असतं, ११ च्या खाली गेलं तर कमतरता धरतात. तिथे दहा नॅनोमोलची शोधमर्यादा मिरवून काय साधतं? (मायक्रोचा हजारावा भाग नॅनो, नॅनोचा हजारावा पिको.) उलट रक्तातलं ब१२ पाहा. कमतरतेची सीमा २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे सुमारे १५० पिकोमोल प्रति लिटर. इथे दहा नॅनोमोलचा इलेक्ट्रोड साठपट-सत्तरपट कमी पडतो. दोन्ही प्रकारच्या लेखांत शेवटचा परिच्छेद सारखाच असतो: ‘ही पद्धत रुग्णांच्या नमुन्यांसाठी उपयुक्त ठरेल.’

आणि ती शोधमर्यादा येते कुठून? ब्लँकच्या (जीवनसत्त्व नसलेल्या द्रावणाच्या) प्रमाण विचलनाची तिप्पट भागिले कॅलिब्रेशन रेषेचा, म्हणजे ज्ञात द्रावणांवरून काढलेल्या रेषेचा, उतार. पुष्कळदा सर्वांत विरळ मोजलेलं द्रावण एक मायक्रोमोलचं असतं आणि सूत्रातून मर्यादा निघते आठ नॅनोमोल. आठ नॅनोमोलचं द्रावण बनवून त्यात इलेक्ट्रोड बुडवलेलाच नसतो.

प्रत्यक्ष नमुन्यांवर काम करणाऱ्यांनी लिहावं. लॅबमधल्यांनी, औषध कंपन्यांतल्यांनी, दूध-अन्न तपासणाऱ्यांनी.

गोदाकाठ

वाचतेय. थोडं डोक्यावरून गेलं पण मुद्दा कळला. माझा एक साधा प्रश्न. माझ्या ब१२ आणि ड च्या रिपोर्टवर पद्धतीच्या रकान्यात ‘ईसीएलआयए’ लिहिलंय. त्यात ‘इलेक्ट्रो’ आहे म्हणजे हेच का ते?

नमुनापेटी

गोदाकाठताई, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, हे यंत्र रोज हाताळतो. उत्तर: इलेक्ट्रोड आहे, पण तो ब१२ कडे थेट बघत नाही.

ईसीएलआयए म्हणजे इलेक्ट्रोकेमिल्युमिनेसन्स इम्युनोअ‍ॅसे, विजेने उजेड पाडून मोजायची पद्धत. रक्तातलं ब१२ प्रथिनांना घट्ट धरून असतं, ते आधी सोडवून घ्यावं लागतं. मग त्यात इन्ट्रिन्सिक फॅक्टर घालतात. पोटात ब१२ ला पकडणारं जे प्रथिन असतं तेच, फक्त त्याला रुथेनियमचं संयुग जोडलेलं असतं. जोडीला बायोटिनची शेपटी लावलेलं ब१२ घालतात. तुमचं ब१२ आणि हे शेपटीवालं ब१२ इन्ट्रिन्सिक फॅक्टरसाठी झगडतात. नंतर स्ट्रेप्टाव्हिडिन लावलेले चुंबकीय मणी बायोटिनला पकडतात, चुंबक ते मणी इलेक्ट्रोडवर ओढून घेतो, व्होल्टेज दिलं की रुथेनियम आणि ट्रायप्रोपिलअमाइन यांच्या क्रियेतून नारिंगी-लाल उजेड पडतो आणि यंत्र तो उजेड मोजतं. तुमचं ब१२ जास्त असेल तर उजेड कमी.

म्हणजे निवड करायचं काम प्रथिन करतं, इलेक्ट्रोड फक्त उजेड पेटवतो. क्षारपर्णी मॅडमनी जे पिकोमोल सांगितलं तिथे हे यंत्र म्हणूनच पोचतं.

यातली एक गोष्ट प्रत्येकाला माहीत हवी. केसांसाठी, नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या हल्ली खूप जण घेतात, ५ किंवा १० मिलिग्रॅमच्या. प्रौढ माणसाला दिवसाला पुरेसं धरलेलं बायोटिन ३० मायक्रोग्रॅम. रक्तात इतकं मोकळं बायोटिन फिरत असेल तर ते मण्यांवरच्या जागा अडवतं. मग ब१२, ड यांसारख्या झगड्याच्या पद्धतीच्या तपासण्यांत आकडा खोटा वाढतो आणि कमतरता झाकली जाते. थायरॉइडच्या टीएसएचसारख्या सँडविच पद्धतीच्या (मोजायचा रेणू दोन प्रतिपिंडांमध्ये पकडणाऱ्या) तपासणीत उलट, आकडा खोटा कमी येतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर सावधगिरीची सूचना काढली होती. अलीकडच्या बऱ्याच किट जास्त बायोटिन सहन करतील अशा केल्या आहेत, तरी रक्त द्यायला जाताना ‘मी बायोटिन घेते’ हे लॅबला आणि डॉक्टरांना सांगाच. कधी थांबवायचं ते तेच सांगतील.

गोदाकाठ

बापरे. माझी बहीण घेते या गोळ्या आणि थायरॉइडची तपासणी पण करते. आत्ताच फोन करते तिला. खूप खूप धन्यवाद!

पहाटवारा

माहितीपूर्ण धागा. वडिलांना मधुमेह आहे, घरी ग्लुकोमीटर आहे. तोही विद्युत्-रासायनिकच ना? मग तसंच घरच्या घरी ब१२ मोजायचं यंत्र अजून का नाही?

क्षारपर्णी

पहाटवारा, चांगला प्रश्न. ग्लुकोमीटरची पट्टी हा आजवरचा सर्वांत यशस्वी मॉडिफाइड इलेक्ट्रोड आहे. छापील कार्बन किंवा धातूचा थर, त्यावर ग्लुकोज ओळखणारं एन्झाइम आणि इलेक्ट्रॉन वाहून नेणारा मध्यस्थ. एन्झाइम इलेक्ट्रोडची कल्पना लेलंड क्लार्क यांनी १९६२ मध्ये मांडली, ऑक्सफर्ड आणि क्रॅनफिल्डच्या मंडळींनी १९८४ मध्ये फेरोसीन मध्यस्थ म्हणून वापरला आणि १९८७ पर्यंत पेनाएवढं यंत्र बाजारात आलं.

ब१२ चं घोडं अडतं ते प्रमाणावर. रक्तात ग्लुकोज साधारण ५ मिलिमोल, ब१२ कमतरतेच्या सीमेवर सुमारे १५० पिकोमोल. भागाकार करून पाहा, तीन कोटींहून जास्त पट फरक येतो. शिवाय ब१२ ला प्रथिनांपासून सोडवायचं काम बोटाच्या एका थेंबात, पट्टीवरच करायला हवं.

तुमच्या वडिलांच्या पट्टीचा आणि क जीवनसत्त्वाचाही एक संबंध आहे. अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल सहज इलेक्ट्रॉन देतं. शिरेतून फार मोठ्या मात्रेत क जीवनसत्त्व दिलेल्या रुग्णात काही ग्लुकोमीटर तेही इलेक्ट्रॉन मोजतात आणि साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. त्या आकड्यावर इन्सुलिन दिलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. अशा रुग्णाची साखर लॅबच्या पद्धतीनेच तपासावी लागते. रोजच्या जेवणातल्या लिंबा-पेरूने असं काही होत नाही, त्यामुळे घरी काळजीचं कारण नाही.

जुनाजाणता

औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात उभी हयात गेली, आता निवृत्त आहे. धागाकर्तीच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे, आणि आमच्या बाजूचे थोडे सांगतो.

क जीवनसत्त्वाच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम माल असतो. ती तपासायला आम्हाला नॅनोमोल नको, मायक्रोमोलही नको. स्टार्च घालून आयोडीनचे टायट्रेशन केले की झाले. ०.०५ मोलर आयोडीनचा प्रत्येक मिलिलिटर म्हणजे ८.८०६ मिलिग्रॅम अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, हा आकडा मला झोपेतही आठवेल. शोधनिबंधात मात्र हीच गोळी कुटून, विरघळवून, हजारपट विरळ करून इलेक्ट्रोडखाली आणतात आणि ‘खरा नमुना, रिकव्हरी (असलेल्यापैकी मोजून मिळालेला भाग) ९९.४ टक्के’ असे लिहितात. इतके विरळ केल्यावर गोळीतले बाकी पदार्थ उरतात कुठे? मोजले गेले ते बफरच.

आमच्याकडे खरी अडचण होती ती बहुजीवनसत्त्व गोळ्यांची. ब१, ब२, ब६, फोलिक आम्ल आणि ब१२ एकाच गोळीत, कुणी मिलिग्रॅममध्ये तर कुणी मायक्रोग्रॅममध्ये. शिवाय साठवणुकीत घट होते म्हणून उत्पादक लेबलपेक्षा थोडे जास्त घालतात, ते किती उतरले हे मुदत संपेपर्यंत पाहत राहावे लागते. हे काम एचपीएलसी, म्हणजे कॉलममधून घटक वेगवेगळे करून मोजणारे यंत्र, करते, पण कॉलम, शुद्ध द्रावके, यंत्राचा वेळ, सगळेच महाग. एका बुडवणीत ब२ आणि फोलिक आम्ल दोन्हींचा विश्वासू आकडा देणारा इलेक्ट्रोड माझ्या काळात मिळाला असता तर मी तो डोक्यावर घेतला असता. त्याची शोधमर्यादा मी विचारलीही नसती. विचारले असते की सकाळी आणि संध्याकाळी आकडा तोच येतो का, आणि दुसऱ्या माणसाच्या हातात तोच येतो का.

क्षारपर्णी

काका, तुमचं शेवटचं वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे.

ब२ आणि फोलिक आम्लाची जोडी तुम्ही अगदी योग्य निवडलीत. रायबोफ्लेविनचं, म्हणजे ब२ चं, पीक पीएच ७ ला उणे ०.४५ व्होल्टच्या आसपास येतं आणि फोलिक आम्लाचं अधिक ०.७ ते ०.९ च्या टापूत. मध्ये भरपूर मोकळी जागा. अडचण येते ती ब६ ची, कारण तेही ०.८ व्होल्टच्या आसपासच ऑक्सिडाइझ होतं.

रानजाई

मी दुग्धतंत्रज्ञान शिकले, सध्या अन्न तपासणीच्या कामात आहे. दुधातल्या ब२ बद्दल लिहिते, कारण मला वाटतं इथे इलेक्ट्रोडला खरंच वाव आहे.

गाईच्या दुधात रायबोफ्लेविन लिटरला साधारण पावणेदोन मिलिग्रॅम, म्हणजे चार-पाच मायक्रोमोल. डिफरन्शियल पल्स व्होल्टॅमेट्रीला (व्होल्टेज छोट्या स्पंदांनी देणाऱ्या, जास्त संवेदनशील पद्धतीला) हे अगदी सोयीचं. ब्रेड, मांस यांत ब२ बरंचसं फ्लेविनच्या सहएन्झाइम रूपात प्रथिनांशी बांधलेलं असतं. दुधात त्याचा मोठा भाग मोकळा असतो, त्यामुळे आम्ल घालून केसिन बसवलं आणि वरचं पाणी घेतलं की बरंच काम होतं. आणि उणे ०.४५ व्होल्टला दुधातले बाकी घटक फारसे बोलत नाहीत.

पण दोन गोष्टी सांभाळाव्याच लागतात. पहिली, हवेतला ऑक्सिजन. तो त्याच बाजूला क्षपण पावतो, म्हणजे इलेक्ट्रॉन घेतो, आणि पीकखालची जमीनच तिरकी करून टाकतो. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं नायट्रोजन सोडायचा आणि मोजताना तो पृष्ठभागावरून वाहता ठेवायचा. दुसरी, उजेड. रायबोफ्लेविन उजेडात भराभर मोडतं, अल्कलीत ल्युमिफ्लेविन होतं, आम्लात आणि उदासीन द्रावणात ल्युमिक्रोम. फ्लास्कना अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून ठेवायचं, खिडकीजवळचं टेबल टाळायचं. प्रमाण द्रावण टेबलावर उघडं ठेवून चहाला गेलात तर आल्यावर कॅलिब्रेशन विसरा. दुकानाबाहेर उन्हात ठेवलेल्या पारदर्शक बाटलीतल्या दुधात हेच घडत असतं, तिथे मोजायला कुणी नसतं एवढंच.

माझी इच्छा अशी, की संकलन केंद्रावर नेता येईल असा छोटा पोटेन्शियोस्टॅट आणि टाकाऊ छापील इलेक्ट्रोड यांवर हे बसवावं. ऑक्सिजनचं काय करायचं, हा प्रश्न तिथे अजून उभाच आहे. कुणी करून पाहिलं असेल तर सांगा.

दर्यासारंग

मी थोडा विरोधी सूर लावतो. सध्या परदेशात याच विषयात पोस्टडॉक करतोय. शोधमर्यादेच्या मागे लागणं सरसकट वाया गेलंय असं मला वाटत नाही. पृष्ठभाग कसा बनवला की इलेक्ट्रॉन सहज सरकतो, हे समजायला बफरमधलंच स्वच्छ द्रावण लागतं. उद्या ब१२ ला अ‍ॅप्टामर किंवा इन्ट्रिन्सिक फॅक्टर इलेक्ट्रोडवर बसवून मोजायचं झालं, तर आजच्या या कामातलंच ज्ञान उपयोगी पडेल.

माझी खरी तक्रार ‘विद्युत्-उत्प्रेरण’ (इलेक्ट्रोडवरच्या क्रियेचा वेग वाढवणं) या शब्दाच्या सढळ वापराबद्दल आहे. कार्बन नॅनोट्यूबचा थर टाकला, अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचं पीक कमी विभवाला सरकलं, की लगेच लिहायचं ‘नॅनोट्यूबने उत्प्रेरण केलं’. ऑक्सफर्डच्या रिचर्ड कॉम्प्टन यांच्या गटाने यावर फार मोलाचं काम केलंय. सच्छिद्र थराच्या पोकळ्यांत द्रावण अडकतं, तिथे रेणूला लांबून विसरणाने यावं लागत नाही, आणि एवढ्याच कारणाने पीक सरकू शकतं. क्रियेचा वेग वाढलेला असेलच असं नाही. नॅनोट्यूब बनवताना वापरलेल्या धातूंचे अंश आत राहतात, कधी कधी जादू त्यांचीच असते. म्हणून तुलना नुसत्या ग्लासी कार्बनशी करू नये. एज-प्लेन ग्राफाइटशी (ज्यात थरांच्या कडा उघड्या असतात) करावी, आणि स्कॅनचा वेग बदलत पीकची उंची वेगाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते की थेट वेगाच्या, ते पाहावं. थेट वेगाच्या प्रमाणात वाढली तर रेणू पृष्ठभागाला चिकटलेत किंवा थरात अडकलेत.

क्षारपर्णी

दर्यासारंग, मान्य. पायाभूत कामाला माझा विरोध नाहीच. पायाभूत काम करावं आणि तसंच म्हणावं, शेवटी रुग्ण आणू नये, एवढंच. आणि एज-प्लेनचा मुद्दा लाखमोलाचा आहे.

काजळमाया_२

मॅडम, मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तालुक्याच्या कॉलेजमधून काम करते. ग्लासी कार्बनचे फार इलेक्ट्रोड आम्हाला परवडत नाहीत, म्हणून पेन्सिलच्या शिशाचा (०.७ मिमी, एचबी) इलेक्ट्रोड करून त्यावर पॉलिमरचा थर बसवलाय. क जीवनसत्त्वासाठी बफरमध्ये रेषा सुंदर येते. पण आवळ्याच्या रसात आकडा एचपीएलसीपेक्षा खूपच जास्त येतो. माझा इलेक्ट्रोड चुकतोय का? गाइड म्हणतात पेरू घे, आवळा सोड.

क्षारपर्णी

काजळमाया, आवळा सोडू नकोस! तुझ्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण तेच होईल. आणि पेन्सिलच्या शिशाबद्दल संकोच नको, त्यावर जगभर गंभीर काम झालंय. फायदा असा की पृष्ठभाग मळला की पुढचं शिसं घ्यायचं, घासत बसायचं नाही. फक्त द्रावणात बुडणारी लांबी दर वेळी तीच हवी. वर टेफ्लॉन टेप घट्ट गुंडाळून बुडणारा भाग पक्का कर. क्षेत्रफळ हललं की सगळं हललं.

आता आवळा. त्यात गॅलिक आम्ल आणि टॅनिन भरपूर. त्यांचे फिनॉलिक गट क च्या जवळपासच्या विभवाला इलेक्ट्रॉन सोडतात. इलेक्ट्रोडला इलेक्ट्रॉन कळतो, तो कुणी दिला ते कळत नाही. आयोडीन टायट्रेशनही यात फसू शकतं. जुन्या भारतीय पोषण तक्त्यांत आवळ्याचं क १०० ग्रॅममागे ६०० मिलिग्रॅम दिलेलं असायचं, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात ते अडीचशेच्या आसपास आहे. जात, हंगाम, पिकण्याची अवस्था यांनीही फरक पडतो, तेव्हा सगळा दोष पद्धतीवर ढकलता येणार नाही. पण पद्धत काय मोजते हा प्रश्न आवळ्याइतका ठसठशीत दुसरं कुठलंच फळ विचारत नाही. पेरूत तुझा इलेक्ट्रोड पास होईल आणि तुला काही कळणार नाही.

करायचं काय, तर अ‍ॅस्कॉर्बेट ऑक्सिडेज एन्झाइम घे. काकडी-भोपळ्याच्या कुळातून मिळवलेलं विकत मिळतं. रसाचे दोन भाग कर. एकाचं पीक तसंच मोज. दुसऱ्यात पीएच ६ च्या आसपास हे एन्झाइम घालून, हवा लागू देत थोडा वेळ ठेव आणि मग मोज. एन्झाइम अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल संपवतं, गॅलिक आम्लाला हात लावत नाही. उरलेलं पीक इतरांचं. वजाबाकी केलीस की खरं क.

काजळमाया_२

हे कुणी सांगितलंच नव्हतं मॅडम! पण वजाबाकीसाठी कॅलिब्रेशन बफरमधलं वापरू का?

क्षारपर्णी

नको. रसातलं टॅनिन शिशावर चिकटतं आणि उतार बदलतो. रसातच ज्ञात क चे ठरावीक भाग वाढवत जा, म्हणजे स्टँडर्ड अ‍ॅडिशन. त्या रेषेचा उतार बफरच्या रेषेच्या उताराशी ताडून पाहा. दोन उतारांतला फरक प्रबंधात स्पष्ट दे. तो फरक हाच तुझ्या इलेक्ट्रोडचा खऱ्या नमुन्यातला स्वभाव.

आणखी एक. इलेक्ट्रोड फक्त क्षपित रूप मोजतो, डीहायड्रोअ‍ॅस्कॉर्बिक आम्ल त्याला दिसत नाही. शरीर मात्र तेही वापरतं. रस काढून अर्धा तास टेबलावर राहिला तर तुझा आकडा घसरेल. म्हणून फळ कापतानाच थंड मेटाफॉस्फोरिक आम्लात घे आणि धातू बांधून ठेवणारं ईडीटीए थोडं घाल, तांब्याचे अंश ऑक्सिडीकरण फार वाढवतात. स्टीलची स्वच्छ सुरी वापर, पितळेचं-तांब्याचं काही नको. एन्झाइम घालण्याआधी पीएच वर आणायला विसरू नको, आम्लात ते काम करणार नाही.

जुनाजाणता

याला म्हणतात मार्गदर्शन. मुली, हे सगळे वहीत उतरवून ठेव.

रानजाई

अवांतर नाही, पण थोडं बाजूचं. रेशनवरच्या पोषणयुक्त तांदळाचं कुणी पाहिलंय का? एफएसएसएआयच्या (भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) प्रमाणाप्रमाणे किलोमागे फोलिक आम्ल ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम आणि ब१२ ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम हवं. आमच्याकडे नमुने येतात ते बाहेर पाठवावे लागतात, रिपोर्ट यायला वेळ जातो.

दर्यासारंग

रानजाई, गणित मांडू या. किलोला १०० मायक्रोग्रॅम धरलं तर १० ग्रॅम तांदळात १ मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल. ५० मिलिलिटरमध्ये काढलं तर लिटरला ४५ नॅनोमोल. बफरमध्ये जमेल, स्टार्च-प्रथिनांच्या गढूळ अर्कात कडेलोटावर. ब१२ तर ०.१५ नॅनोमोल, विसरा.

पण हा तांदूळ बनतो कसा? जीवनसत्त्वं घातलेले पिठाचे दाणे साध्या तांदळात साधारण शंभरास एक मिसळतात. ते दाणे मिसळण्याआधी तपासा. तिथे सगळं शंभरपट आहे. त्याच १० ग्रॅम आणि ५० मिलिलिटरमध्ये फोलिक आम्ल साडेचार मायक्रोमोल, हे इलेक्ट्रोडच्या अगदी हातातलं. लोह आहे, पण ते फेरिक रूपात असतं, म्हणून ऑक्सिडीकरणाच्या बाजूला त्याचा उपद्रव कमी. फोलिक आम्ल नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही, सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये काढून मग बफरने पीएच जुळवावा लागेल.

क्षारपर्णी

वा! धागा काढला तेव्हा मला नेमकं हेच हवं होतं. आधी नमुना बघायचा, त्यात किती आहे ते मांडायचं, मग इलेक्ट्रोड निवडायचा. दाण्यातलं फोलिक आम्ल हा पदव्युत्तर प्रकल्पासाठी फार चांगला विषय आहे. यात फोलिक आम्ल बाहेरून घातलेलं असतं, त्यामुळे आपण जे मोजतो तेच तिथे असतं. रक्तात तसं नाही, तिथे मुख्यतः ५-मिथाइल-टेट्राहायड्रोफोलेट असतं, त्याचं पीक वेगळ्याच विभवाला येतं. रक्तातलं फोलेट मोजण्याच्या गोष्टी फोलिक आम्लाची पूड बफरमध्ये विरघळवून करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

रानजाई, तुमच्याकडे दाण्यांचे जे नमुने बाहेर तपासून आलेत त्यांचे उरलेले भाग थंड आणि अंधारात ठेवता येतील का? त्यांचे आकडे आम्हाला न सांगता नुसता नमुना क्रमांक द्या. आम्ही इलेक्ट्रोडवर मोजू, मग दोन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवू.

रानजाई

साहेबांची परवानगी घ्यावी लागेल, उद्या विचारते. नमुने फ्रीजमध्ये आहेत, मूळ पाकिटातच.

काजळमाया_२

मॅडम, ग्लासी कार्बनबरोबर पेन्सिलच्या शिशावरही मोजायचं का हे? माझ्याकडे पॉलिमरचा थर तयार आहे, फोलिक आम्लाची सीव्ही (सायक्लिक व्होल्टॅमेट्री) मी एकदा घेतली होती, पीक ०.७८ ला आलं होतं.

क्षारपर्णी

नक्की मोज. थराशिवायचं नुसतं शिसं, थर लावलेलं शिसं, आणि दोन्हींचे फक्त बफरमधले ब्लँक. चारही आलेख एकाच अक्षावर काढून इथे टाक. ब्लँक आधी टाक.